कोल्हापुरात पाणी १०० अंशांना उकळत नाही. मग प्रयोगवहीत १०० येतात कुठून?

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ मध्ये ‘उष्णता’ नावाचं प्रकरण आहे. त्यातला बर्फाचा प्रयोग तुम्ही केला असेल, निदान वहीत उतरवला तरी असेल. चंचुपात्रात बर्फाचे तुकडे घ्यायचे, तापमापी बुडवायची, खालून उष्णता द्यायची आणि दर मिनिटाला तापमान लिहायचं. बर्फ वितळेपर्यंत आकडा शून्यावर थांबतो. मग चढत जातो. पाणी खळखळ उकळायला लागलं की पुन्हा थांबतो. आलेखावर दोन सपाट रेषा येतात, एक शून्यावर आणि दुसरी १०० वर.

कोल्हापुरात हा प्रयोग प्रामाणिकपणे केला तर दुसरी रेषा १०० वर येत नाही. ती ९८ च्या आसपास येते. कितीही मोठी आच दिली, पाणी आटून गेलं, तरी पारा तिथून वर सरकत नाही.

तरीही माझ्या वहीत १०० होते. बाकावरच्या शेजाऱ्याच्या वहीतही १००. आमच्या अख्ख्या वर्गात कुणाच्या वहीत ९८ पाहिल्याचं मला आठवत नाही. पुढे इंजिनीअरिंगला गेल्यावर या कलेला नाव असतं हे कळलं, ‘रीडिंग बसवणं’. आधी उत्तर ठरवायचं, मग उलटं गणित करून निरीक्षणं लिहायची आणि खरी वाटावीत म्हणून एखाद्या आकड्यात थोडी गडबड करायची. आम्ही यात पटाईत होतो.

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की शाळा-कॉलेजांत जर्नल पूर्ण करण्याची धावपळ सुरू होते. दहावीला विज्ञानाचे २० गुण लेखी परीक्षेबाहेरचे, बारावीला भौतिकशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. म्हणून हा प्रश्न आत्ताच विचारायला हवा, की मोजलेला आकडा योग्य आहे की नाही, हे ठरवायचं कसं? पुस्तकाशी जुळला की योग्य, एवढीच कसोटी पुरेशी आहे का?

हे ९८ आले कुठून?

पाणी उकळतं म्हणजे त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो. वरून हवेचा रेटा कमी असेल, तर ही बरोबरी कमी तापमानालाच होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ५७० मीटर उंचीवर आहे. समुद्रकिनाऱ्यावर हवेचा प्रमाण दाब १०१३ हेक्टोपास्कल धरतात, आपल्याकडे तो ९४८ च्या आसपास असतो. या पट्ट्यात दाब साधारण ३५ हेक्टोपास्कलने घटला की पाण्याचा उत्कलनांक एका अंशाने उतरतो. ६५ हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे जवळपास दोन अंश. म्हणून ९८.

आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलात, तर तेच पाणी १०० ला उकळेल. उलट दिशेला महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरच्या आसपास, ९५ ते ९६ च्या दरम्यान. लेहमध्ये ८८ च्या जवळ. गंमत अशी की राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात आणि महाबळेश्वर साताऱ्यात आहे. म्हणजे एकाच विभागीय मंडळाच्या हद्दीत या प्रयोगाची खरी उत्तरं दोन-अडीच अंशांनी वेगळी आहेत. वहीतलं उत्तर मात्र सगळीकडे एकच.

हे ज्ञान काही नवं नाही. स्वीडनच्या आंद्रेस सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये आपली मापनपट्टी मांडली, तेव्हाच उकळत्या पाण्याचं तापमान हवेच्या दाबावर अवलंबून असतं हे त्यांनी नोंदवलं होतं. (त्यांच्या मूळ पट्टीत उकळणं शून्यावर आणि गोठणं १०० वर होतं, उलटापालट नंतर झाली.) आणि १९९० च्या आंतरराष्ट्रीय तापमान मापनक्रमानुसार तर समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबालाही पाणी १०० ला नव्हे, ९९.९७ अंशांना उकळतं. शाळेच्या तापमापीवर हा फरक दिसणार नाही, तो भाग वेगळा.

दाबाचा हा विषय पुस्तकात नाही असंही नाही. त्याच ‘उष्णता’ प्रकरणात पुनर्हिमायनाचा प्रयोग आहे, ज्यात वजनं बांधलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते आणि लादी तुटत नाही. दाबाने बर्फाचा द्रवणांक बदलतो, हे आपण तिथे शिकतो. मग दाबाने उत्कलनांकही बदलत असेल, हा प्रश्न पुढच्या तासाला कुणाला पडत नाही.

चूक तापमापीची की गावाची?

वहीत ९८ आले, म्हणून लगेच कोल्हापूरच्या उंचीला श्रेय देऊन मोकळं होणंही बरोबर नाही. कदाचित तापमापीच दोन अंश कमी दाखवत असेल. कदाचित वाचणाऱ्याने खालून वाकून पाहिलं असेल. पाण्यात क्षार आहेत, असंही कुणी म्हणेल. यातलं काय खरं, हे तपासता येतं.

क्षारांचं आधी निकाली काढू. पाण्यात मीठ विरघळलं की उत्कलनांक वाढतो, कमी होत नाही. आणि वाढतो तोही किती? एक लिटर पाण्यात २९ ग्रॅम मीठ टाकलं तर साधारण अर्धा अंश. नळाच्या पाण्यात एवढं मीठ असतं तर ते कुणी प्यायलं नसतं. म्हणजे ९८ चा दोष नळाला देता येत नाही.

तापमापीचं काय? इथे बर्फाचा प्रयोग आपल्याला एक सोय फुकटात देतो. वितळत्या बर्फाचं तापमान हवेच्या दाबातल्या असल्या फरकाने जवळजवळ बदलत नाही. रत्नागिरी असो, कोल्हापूर असो की महाबळेश्वर, शुद्ध पाण्याचा बर्फ शून्यालाच वितळतो. म्हणजे पहिली सपाट रेषा ही तापमापीची परीक्षा आहे. ती शून्यावर आली, तर तापमापीवर निदान खालच्या टोकाला भरवसा ठेवायला हरकत नाही. मग वर ९८ दिसले, तर ते पाण्याचे असण्याची शक्यता मोठी.

आता समजा, वर्गात तीन गट आहेत. पहिल्या गटाची तापमापी बर्फात ० दाखवते आणि उकळत्या पाण्यात ९८. दुसऱ्याची बर्फात २ आणि उकळत्या पाण्यात बरोबर १००. तिसऱ्याची बर्फात उणे १ आणि उकळताना ९७. पूर्ण गुण कुणाला मिळतील?

दुसऱ्या गटाला. कारण त्यांचे १०० आले.

पण दुसऱ्या गटाची तापमापी दोन अंश जास्त दाखवते. दोन वजा केले की त्यांचंही उत्तर ९८. तिसऱ्या गटाची एक अंश कमी दाखवते. एक मिळवला की ९८. तिन्ही गटांनी एकच गोष्ट मोजली आहे आणि बर्फातलं वाचन हिशेबात घेतलं की तिघांचं एकमत होतं. न घेतलं तर बिघडलेल्या तापमापीचा गट हुशार ठरतो, चांगल्या तापमापीचा गट खाडाखोड करत बसतो आणि तिसऱ्या गटाला ‘नीट करा’ असं सांगितलं जातं. (तापमापीची चूक वर-खाली सगळीकडे सारखीच असेल, असं इथे गृहीत धरलं आहे. ती नेहमी तशी नसते. पण शाळेपुरती ही सुरुवात वाईट नाही.)

पुस्तकाशी जुळणारा आकडा आणि योग्य रीतीने मोजलेला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यापेक्षा सोप्या उदाहरणाने मला तरी सांगता येणार नाही.

पाच वेळा मोजलं, तरी?

‘तीन वाचनं घ्या आणि सरासरी काढा’ हा प्रत्येक प्रयोगातला ठरलेला सल्ला. सल्ला चांगला आहे, पण तो एकाच आजारावरचं औषध आहे.

दुसऱ्या गटाने आपल्या तापमापीने पाच वेळा पाणी उकळलं, तर पाचही वेळा १००च येतील. सरासरी १००. शिक्षणशास्त्रात याला विश्वसनीयता म्हणतात, पुन्हा पुन्हा केलं तरी तेच येतं. सप्रमाणता ही त्याहून वेगळी गोष्ट, म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं गेलं का. पाच वेळा सारखंच चुकण्यात विश्वसनीयता भरपूर आहे, सप्रमाणता मात्र नाही.

लंबकाच्या प्रयोगात हे आणखी स्पष्ट दिसतं. दोऱ्याला गोळा बांधायचा, २० आंदोलनांचा वेळ मोजायचा आणि गुरुत्वत्वरणाची किंमत काढायची. एक मीटरच्या लंबकाला २० आंदोलनांसाठी साधारण ४०.१ सेकंद लागतात. हल्ली मुलं मोबाइलचं स्टॉपवॉच वापरतात, त्यावर सेकंदाचा शंभरावा भागही दिसतो. पण बटण दाबणारं बोट शंभराव्या भागाइतकं चपळ नसतं. ते सहज ०.२ सेकंद मागे-पुढे होतं. ४० सेकंदांत ०.२ म्हणजे अर्धा टक्का. सूत्रात वेळेचा वर्ग असल्याने उत्तरात एक टक्का, म्हणजे साधारण ०.१. त्यामुळे अशा एका वाचनातून ‘९.८१’ असं दोन दशांश स्थळांपर्यंत छातीठोक लिहिणं म्हणजे बोटाच्या नावावर घड्याळाचा नेमकेपणा खपवणं. ९.८१ आलं तर चूक नाही आणि ९.७० आलं तरी तेही तेवढंच खरं आहे.

ही चूक सरासरीने कमी होते, कारण बोट कधी लवकर पडतं, कधी उशिरा. पण दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते हे विसरून फक्त दोराच मोजला, तर? गोळ्याची त्रिज्या एक सेंटिमीटर असेल तर मीटरमागे एक टक्का लांबी कमी धरली जाते आणि उत्तर प्रत्येक वेळी ९.७ च्या खालीच घसरतं. शंभर वाचनं घेतली तरी तसंच. उलट ती एकमेकांशी इतकी छान जुळतात, की आपलंच बरोबर असं वाटू लागतं.

आणि ज्या ९.८१ साठी एवढी ओढाताण चालते, ती कोल्हापूरची किंमत नाहीच. गुरुत्वत्वरण विषुववृत्तावर ९.७८ च्या जवळ आणि ध्रुवावर ९.८३ असतं. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने जी प्रमाण किंमत ठरवली ती ९.८०६६५, ती साधारण ४५ अक्षांशाला जुळणारी, म्हणजे युरोपच्या मध्याची. आपण पावणेसतरा अंशांच्या जवळ आहोत. अक्षांश आणि उंची धरून कोल्हापूरसाठी हिशेब केला तर ९.७८ येतात.

खिशातल्या फोनची गोष्ट

हा लेख तुम्ही ज्यावर वाचताय, त्या फोनमध्येही त्वरण मोजणारा सेन्सर आहे. ‘फायफॉक्स’सारखं मोफत अ‍ॅप तो आकडा थेट दाखवतं. फोन टेबलावर सपाट ठेवला आणि समजा ९.९० दिसले. हजार वाचनांची सरासरी घेतलीत तरी ९.९०च राहतील. आता फोन पालथा ठेवा. समजा उणे ९.६६ आले. चिन्ह बाजूला ठेवून दोन्हींची सरासरी काढा: ९.७८. सेन्सरची मूळ चूक सुलट्या स्थितीत आकडा वाढवत होती, उलट्या स्थितीत घटवत होती, म्हणून ती कटली. हजार वेळा तेच करण्यापेक्षा एकदा वेगळं करण्याने जास्त साधलं.

काही फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सरही असतो. तो कोल्हापुरात ९४५-९५० च्या आसपास आकडा दाखवेल. पण त्याच फोनमधलं हवामानाचं अ‍ॅप उघडलंत तर तिथे १०१० वगैरे दिसेल. कोण खोटं बोलतंय? कुणीच नाही. हवामान खाती वेगवेगळ्या उंचीवरच्या शहरांची तुलना करता यावी म्हणून दाब समुद्रसपाटीला आणून सांगतात. तो आकडा वादळ कुठे आहे हे समजायला योग्य. कोल्हापुरात पाणी किती अंशांना उकळेल, या प्रश्नासाठी मात्र अगदीच कुचकामी. आकडा बरोबर, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर.

बंधाऱ्यावरची पट्टी

मोजमापाशी कोल्हापूरकरांचं नातं तसं जवळचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न ‘राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?’ हाच असतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतं. २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिलेल्यांना त्या फुटा-इंचांचा अर्थ सांगावा लागत नाही. आणि ४३ फूट म्हणजे आपल्या दारात ४३ फूट पाणी नव्हे, तो त्या ठिकाणच्या पट्टीवरचा आकडा आहे, हेही सगळ्यांना कळतं. कुठल्या गल्लीत पाणी कधी येतं याचा त्या आकड्याशी लोकांनी अनुभवाने मेळ घातलेला आहे. सप्रमाणतेचं याहून चांगलं उदाहरण पुस्तकात सापडणार नाही.

आता कल्पना करा, पट्टीवर ४१ फूट दिसत आहेत आणि नोंद घेणाऱ्याने ‘या तारखेला साधारण ३८ असतात’ म्हणून वहीत ३८ लिहिले. आपण त्याला काय म्हणू? शाळेच्या प्रयोगशाळेत ९८ पाहून १०० लिहिणाऱ्या मुलाला मात्र आपण पूर्ण गुण देतो.

मोठ्यांचंही असंच होतं

हा मोह फक्त दहावीच्या पोरांचा नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांच्या प्रयोगातून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. हवेच्या चिकटपणाची त्यांनी घेतलेली किंमत थोडी चुकीची असल्याने त्यांचं उत्तर जरा कमी आलं. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ मध्ये कॅलटेकच्या पदवीदान समारंभात यापुढची हकिगत सांगितली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नंतरच्या संशोधकांची उत्तरं एकदम खऱ्या किमतीवर गेली नाहीत, ती हळूहळू वर सरकत गेली. मिलिकनपेक्षा फार वेगळा आकडा आला की लोक आपलंच कुठे चुकलं ते शोधत बसायचे. जवळचा आला की फार खोलात जात नसत.

चूक शोधणं वाईट नव्हतं. फक्त न जुळणाऱ्या आकड्यातच चूक शोधणं वाईट होतं.

याच्या उलट उदाहरणही आहे. २०११ मध्ये युरोपातल्या ऑपेरा प्रयोगाला न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद आधी पोहोचताना दिसले. त्यांनी आकडा बसवला नाही, जसा आला तसा जाहीर केला आणि जगाला तपासायला सांगितलं. काही महिन्यांनी दोष सापडला, फायबर ऑप्टिक केबलची जोडणी नीट बसलेली नव्हती. थट्टा झाली, पण चूक सापडली ती आकडा लपवला नाही म्हणूनच.

मग गुण कशाला द्यायचे?

शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण मोठा वर्ग, मोजकी उपकरणं, अर्ध्या-पाऊण तासाची तासिका आणि त्यात उकळेपर्यंत थांबायचं, यात प्रयोग पूर्ण झाला हेच खूप असतं. परीक्षकालाही एका दिवसात कितीतरी वह्या पाहायच्या असतात. ठरलेल्या उत्तराशी ताडून पाहणं ही त्याची सोय आहे. ही सोय बदलली नाही, तर मुलं रीडिंग बसवणारच. त्यांच्या दृष्टीने तोच शहाणपणा आहे.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की ही सोय फार खर्च न करता बदलता येते. बर्फाच्या प्रयोगात निरीक्षण तक्त्याची पहिली ओळ ‘या तापमापीचं वितळत्या बर्फातलं वाचन’ अशी सक्तीची करा आणि तिला गुण ठेवा. निरीक्षणं पेनाने लिहायला लावा. आकडा चुकला तर एका रेघेने खोडून शेजारी नवा लिहायचा, पांढरी शाई नाही. तोंडी परीक्षेत ‘पाण्याचा उत्कलनांक किती?’ हा प्रश्न सोडून ‘तुझा ९८ का आला आणि तो तापमापीचा दोष नाही हे कशावरून?’ असं विचारा. ज्याच्या वहीत १०० आहेत, त्यालाही हाच प्रश्न विचारा, अधिकच खोदून विचारा. त्याच्याकडे बर्फातलं वाचन २ असेल आणि त्याला त्याचा अर्थ सांगता येत असेल, तर त्याला पूर्ण गुण द्यायला कुणाची हरकत असणार नाही.

यासाठी पुस्तक बदलावं लागत नाही. मंडळाच्या एका सूचनेने, किंवा तीही नको, शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी ठरवलं तर याच वर्षी होईल.

आणि ज्यांना सुट्टीत स्वतः करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी: पन्हाळा कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवर आहे. तीच तापमापी, तेवढंच पाणी आणि सोबत एखादा मोठा माणूस घेऊन वर गेलात, तर उकळत्या पाण्यातला आकडा कोल्हापूरपेक्षा साधारण एका अंशाने उतरलेला दिसायला हवा. शाळेच्या तापमापीवर तो फरक जेमतेम एका रेघेचा असेल, म्हणून डोळा पाऱ्याच्या टोकाच्या समोर धरून वाचा, फुगा भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका आणि थर्मासमधून थोडा बर्फ न्यायला विसरू नका. तो वर गेल्यावरही शून्यालाच वितळायला हवा.